फर्मवेअर अद्ययावत केल्यावर अडलेला संगणक निकामी ठरवण्याची घाई नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

वाचकांनी आपले संगणक वेळच्या वेळी अद्ययावत ठेवावेत, हा सल्ला वर्तमानपत्रांच्या तंत्रज्ञानविषयक पानांवर नेहमी दिला जातो आणि तो योग्यच आहे. मात्र एखादा ब्राउझर अद्ययावत करणे आणि मदरबोर्डवरचे फर्मवेअर, म्हणजे ज्याला बहुतेक जण अजूनही बायोस म्हणतात ते, अद्ययावत करणे या दोन गोष्टी एकाच मापाने मोजल्या जातात, हे मला खटकते. ब्राउझर बिघडला तर तो काढून पुन्हा टाकता येतो. फर्मवेअरच्या बाबतीत काही चुकले तर पडदा काळा राहतो आणि काय चुकले हे सांगणारेही कोणी उरत नाही. अशा वेळी घाबरून केलेल्या उपायांनी मूळ अडचणीपेक्षा मोठे नुकसान होते, हे मी स्वतःच्या टेबलावर अनुभवले आहे आणि परिचितांकडे अनेकदा पाहिले आहे. म्हणून हे पत्र जरा विस्ताराने लिहीत आहे.

पुस्तकांची अक्षरजुळणी हा माझा व्यवसाय. काही महिन्यांपूर्वी माझ्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डसाठी फर्मवेअरची नवी आवृत्ती आली. मी ती पेन ड्राइव्हवर उतरवून घेतली आणि बायोसमधल्या सोयीनेच बसवली. प्रगतीची पट्टी शेवटपर्यंत सरकली, संगणक आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झाला, पंखे फिरू लागले, आणि पडद्यावर काहीच आले नाही. हल्लीच्या बऱ्याच मदरबोर्डांच्या कडेला चार बारीक दिवे असतात. प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स आणि बूट यांपैकी तपासणी कुठे अडली आहे, ते त्यांवरून कळते. माझ्या बोर्डावर ‘डीरॅम’ या अक्षरांजवळचा पिवळा दिवा तेवढा लागून राहिला होता. मी तीन मिनिटे वाट पाहिली, पॉवरचे बटन दाबून धरून संगणक बंद केला आणि पुन्हा सुरू केला. पुन्हा तोच दिवा. असे पाच वेळा झाले. रॅमच्या चारही पट्ट्या काढून, त्यांच्या सोनेरी कडा पुसून परत बसवल्या, तरी फरक पडला नाही. एका दुरुस्ती करणाऱ्याला फोन केला, तर ‘बोर्ड डेड झाला, नवा टाका’ असा निकाल त्याने फोनवरच दिला. सहाशे पानांचे एक पुस्तक जवळजवळ पूर्ण होऊन त्या संगणकात पडून होते. शेवटी कंटाळून संगणक तसाच चालू ठेवला आणि मी दुसऱ्या खोलीत जाऊन बसलो. परत आलो तेव्हा पिवळा दिवा विझला होता आणि पडद्यावर कंपनीचे चिन्ह आले होते. पुढच्या आवृत्तीच्या वेळी मी मुद्दाम घड्याळ समोर ठेवून पाहिले. पडदा उजळायला अकरा मिनिटे लागली.

झाले होते ते असे. डीडीआर५ प्रकारची रॅम इतक्या वेगाने चालते की प्रोसेसर आणि रॅम यांच्यातल्या प्रत्येक वाहिनीवरचा संकेत नेमका कोणत्या क्षणी वाचायचा, हे संगणकाला सुरू होताना चाचण्या घेऊन ठरवावे लागते. याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. एकदा जमलेले आकडे फर्मवेअर जपून ठेवू शकते, म्हणून एरवी संगणक लवकर सुरू होतो. नवी आवृत्ती बसवली की ते आकडे बाद होतात आणि चाचण्या पहिल्यापासून घ्याव्या लागतात. रॅम जितकी अधिक आणि पट्ट्या जितक्या जास्त, तितका वेळ वाढतो. ग्राफिक्स कार्डाची पाळी त्यानंतर येते, त्यामुळे तोवर पडदा काळाच असतो. मी दर तीन मिनिटांनी बटन दाबून त्या चाचण्या अर्ध्यावर तोडत होतो आणि यंत्र दर वेळी नव्याने श्रीगणेशा करत होते. मधल्या काळात संगणक एकदोनदा आपणहून बंद होऊन सुरू झाला, तरी तेही या प्रक्रियेतलेच असू शकते. डीडीआर४च्या संगणकाला सहसा एवढा वेळ लागत नाही. डीडीआर५च्या बाबतीत मात्र निदान वीस मिनिटे हात बांधून बसावे, असे मी आता प्रत्येकाला सांगतो.

चाचण्या चालू असताना पडद्यावर काही दाखवता येत नाही, ही अडचण खरी आहे. पण त्याआधी, नवी आवृत्ती लिहून पूर्ण झाल्यावर, पडदा चालूच असतो. ‘आता संगणक पुन्हा सुरू होईल, काही मिनिटे पडदा काळा राहील, वीज तोडू नका’ एवढे एक वाक्य त्या वेळी दाखवायला कोणाची हरकत होती? त्या एका वाक्याच्या अभावी किती चांगले बोर्ड निकामी समजून बदलले गेले असतील, या विचाराने मला खरोखर वाईट वाटते.

फर्मवेअर म्हणजे काय, हे थोडक्यात सांगणे येथे आवश्यक आहे. मदरबोर्डवर नखाएवढी, बहुधा आठ पायांची एक फ्लॅश चिप असते. तिची क्षमता आजच्या बोर्डांवर साधारणतः १६ किंवा ३२ मेगाबाइट असते. विंडोज किंवा लिनक्स हार्ड डिस्कवर वा एसएसडीवर राहते. पण प्रोसेसरला जाग आल्यावर पहिल्या सूचना या चिपमधून मिळतात. १९८१ साली आलेल्या आयबीएम पीसीमध्ये हा मजकूर केवळ वाचता येणाऱ्या रॉममध्ये होता. तो बदलायचा तर चिपच बदलावी लागे. पुढे फ्लॅश चिपा आल्या आणि सोयीबरोबर धोकाही आला: जे सहज लिहिता येते, ते सहज बिघडवताही येते. २६ एप्रिल १९९९ रोजी सीआयएच नावाच्या व्हायरसने असंख्य संगणकांच्या बायोसवर कचरा लिहून ते बंद पाडले होते. आजचे फर्मवेअर यूईएफआय या पद्धतीचे असते. त्याच्या प्रमाणीकरणासाठीची संस्था २००५ साली स्थापन झाली. ते जुन्या बायोसपेक्षा कितीतरी मोठे आणि गुंतागुंतीचे आहे, आणि म्हणूनच त्यात दुरुस्त्याही वारंवार कराव्या लागतात.

माझी कथा कंपनीचे चिन्ह दिसल्यावर संपली नाही. त्यानंतर निळ्या पडद्यावर बिटलॉकरची, म्हणजे डिस्कवरच्या मजकुराला कुलूप लावणाऱ्या विंडोजमधल्या सोयीची, पुनर्प्राप्ती किल्ली मागणारी सूचना आली. ही किल्ली ४८ अंकी असते, सहा-सहा अंकांचे आठ गट. ती कुठे आहे, हे मला सांगता येईना, कारण डिस्क कूटबद्ध आहे हेच मला ठाऊक नव्हते. २०२१ साली आलेल्या विंडोज ११ने टीपीएम २.० ही किल्ल्या जपणारी सुरक्षा सोय आवश्यक केली आणि २०२४च्या २४एच२ या आवृत्तीपासून तर मायक्रोसॉफ्टचे खाते वापरून विंडोज नव्याने बसवताना डिस्कचे कूटबद्धीकरण आणखी कितीतरी संगणकांवर आपोआप चालू होऊ लागले. माझ्यासारखे असंख्य लोक न मागता आपल्या माहितीला कुलूप लावून बसले आहेत, आणि किल्ली कोठे ठेवली हे त्यांना माहीत नाही.

फर्मवेअर बदलल्यावरच किल्ली का मागितली जाते, यामागे सरळ कारण आहे. संगणक सुरू होताना फर्मवेअरसह प्रत्येक टप्प्याचे मोजमाप टीपीएममध्ये नोंदले जाते, आणि ते पूर्वीच्या मोजमापाशी जुळले तरच डिस्क उघडणारी किल्ली बाहेर दिली जाते. फर्मवेअर बदलले की मोजमाप बदलू शकते, आणि आपण केलेला कायदेशीर बदल कोणा चोराने केला की मालकाने, हे टीपीएमला कळण्याचा मार्ग नसतो. ते आपले काम चोख करते. पण यातला अधिक धोकादायक प्रसंग त्याच्या आधी येतो. टीपीएम प्रोसेसरमध्येच असलेल्या काही संगणकांवर फर्मवेअर बदलल्यानंतर एक इंग्रजी सूचना येते आणि टीपीएम रीसेट करण्यासाठी, म्हणजे पुसून नव्याने सुरू करण्यासाठी, ‘वाय’ आणि न करण्यासाठी ‘एन’ दाबायला सांगते. घाईत आपण ‘वाय’ दाबतो, तोच टीपीएममधली जुनी किल्ली पुसली जाते; मग ४८ अंक हाताशी नसतील तर डिस्कवरचा मजकूर कायमचा बंद. माझ्या सुदैवाने ती किल्ली माझ्या मायक्रोसॉफ्ट खात्यात आपोआप जपली गेली होती. फोनवरून खाते उघडले, एकेक गट मोठ्याने वाचून टंकित केला आणि पुस्तक जसेच्या तसे परत मिळाले.

म्हणून फर्मवेअरला हात लावण्यापूर्वी ती किल्ली शोधून कागदावर उतरवून घ्यावी आणि तो कागद संगणकापासून दूर ठेवावा. शिवाय बिटलॉकरच्या पानावर संरक्षण तात्पुरते स्थगित करण्याची सोय असते, ती वापरावी. त्यासाठी डिस्कचे कूटबद्धीकरण काढत बसावे लागत नाही आणि काम झाल्यावर संरक्षण पुन्हा चालू होते. निळा पडदा येऊन गेला असेल तर मजकूर नष्ट झाला असे समजू नये. तो कुलपात आहे, आणि किल्ली सापडेपर्यंत तो कुलपात असणेच बरे. या टप्प्यावर डिस्क फॉरमॅट करण्याचा सल्ला जो देतो, त्याला नम्रपणे नकार द्यावा.

फॉरमॅट करण्याचा हा सल्ला आणखी एका प्रसंगी दिला जातो, आणि त्याविषयी मला विशेष कळकळीने लिहायचे आहे. माझ्या एका परिचित शिक्षिकेचा जुना डेस्कटॉप फर्मवेअर बदलल्यानंतर सुरू होत होता, बायोसचा पडदा दिसत होता, पण ‘बूट करता येईल असे उपकरण सापडत नाही’ अशी सूचना येऊन तिथेच थांबत होता. दुरुस्तीसाठी आलेल्या माणसाने दहा मिनिटांत ‘विंडोज उडाले, पुन्हा टाकावे लागेल’ असे सांगितले. विंडोज कुठेही उडालेले नव्हते. फर्मवेअर बदलल्यावर बायोसमधल्या सर्व नोंदी मूळ स्थितीवर जाणे ही नेहमीची गोष्ट आहे. त्या संगणकाची डिस्क एमबीआर या जुन्या पद्धतीने विभागलेली होती आणि ती चालण्यासाठी सीएसएम नावाची जुळवणूक चालू असावी लागते. नव्या आवृत्तीने ती बंद केली होती. मी बायोसमध्ये जाऊन ती चालू केली, बूटच्या क्रमात त्यांची डिस्क वर आणली, आणि विद्यार्थ्यांच्या वीस वर्षांच्या नोंदी असलेला तो संगणक जणू काही घडलेच नाही असा उघडला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले होते. त्या नोंदींची दुसरी प्रत कुठेही नव्हती.

यासारख्याच आणखी दोन-तीन नोंदी अडचणीत आणतात. डिस्क कोणत्या पद्धतीने हाताळायची, म्हणजे एएचसीआय, रेड की इंटेलची व्हीएमडी, ही नोंद बदलली तर विंडोजचे चिन्ह दिसते, गोल गोल फिरते आणि ‘इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असा निळा पडदा येतो. पूर्वी जी पद्धत होती ती परत लावली की तो जातो. लिनक्स वापरणाऱ्यांची बूटची नोंदच यादीतून नाहीशी होऊ शकते; ती लाइव्ह पेन ड्राइव्हवरून पुन्हा लिहिता येते, फाइल्सना धक्का लागत नाही. खूप जुने ग्राफिक्स कार्ड असेल आणि सीएसएम बंद झाले असेल, तर पडदा मुळीच लागत नाही, आणि संगणक मात्र मागे व्यवस्थित सुरू झालेला असतो. अशा वेळी मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या स्वतःच्या जागेत लावून पाहावी. हे सगळे टाळण्याचा सोपा मार्ग आहे: नवी आवृत्ती बसवण्यापूर्वी बायोसच्या प्रत्येक पानाचा फोनवर फोटो काढून ठेवावा. बोर्डाच्या सोयीने जतन केलेली जुनी मांडणी नव्या आवृत्तीवर सरळ भरू नये, कारण आवृत्ती बदलल्यावर तिच्यातले आकडे लागू पडतीलच असे नाही. फोटो पाहून हाताने भरलेले बरे.

वीस मिनिटे थांबूनही पडदा काळा राहिला, तर सीमॉस, म्हणजे बायोसमधल्या नोंदींची साठवण, साफ करणे ही पुढची पायरी. वीजजोडणीची केबल पूर्ण काढावी, मग पॉवरचे बटन काही सेकंद दाबून उरलेली वीज उतरू द्यावी. बोर्डावर सीआर२०३२ हा नाण्यासारखा सेल असतो. २० मिलिमीटर व्यासाचा, ३.२ मिलिमीटर जाडीचा, तीन व्होल्टचा. त्याच्या बाजूच्या लहानशा पत्रीला नखाने किंवा लाकडी काडीने हलकेच ढकलले की तो उसळून वर येतो. पाच-दहा मिनिटांनी परत बसवावा. ज्या बाजूवर अधिकचे चिन्ह आहे ती वर. सेलाऐवजी बोर्डावरच्या दोन पिनांचा जंपरही असतो, त्याची जागा बोर्डाच्या पुस्तिकेत दाखवलेली असते. सेल पाच-सहा वर्षांचा झाला असेल तर या निमित्ताने नवाच घालावा. त्यानंतर रॅमची एकच पट्टी, पुस्तिकेत सांगितलेल्या खाचेत बसवून, जास्तीची कार्डे आणि यूएसबी उपकरणे काढून संगणक सुरू करावा, आणि पुन्हा वाट पाहावी. सीमॉस साफ केल्यावर ट्रेनिंग पुन्हा पहिल्यापासून होते, हे विसरून लोक इथे दुसऱ्यांदा तीच चूक करतात.

चिपवरचा मजकूर खरोखर अर्धवट राहिला असेल, म्हणजे लिहिणे चालू असताना वीज गेली असेल किंवा चुकीची फाइल घातली गेली असेल, तर मात्र सेल काढून काही होत नाही. तरीही बोर्ड फेकून द्यायची वेळ आलेली नसते. अनेक बोर्डांच्या मागच्या बाजूला एक बारीक बटन असते. कोणी त्याला बायोस फ्लॅशबॅक म्हणते, कोणी क्यू-फ्लॅश प्लस, कोणी आणखी काही. त्या सोयीसाठी बोर्डावर वेगळा नियंत्रक असतो, म्हणून अशा बऱ्याच बोर्डांवर प्रोसेसर आणि रॅम नसतानाही ती चालते. एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला पेन ड्राइव्ह घ्यावा, योग्य फाइल कोणत्याही फोल्डरमध्ये न टाकता थेट त्यावर ठेवावी, पुस्तिकेत सांगितलेले नेमके नाव तिला द्यावे आणि त्यासाठी राखून ठेवलेल्या यूएसबी जागेतच तो लावावा. चोवीस पिनांची मुख्य आणि आठ पिनांची प्रोसेसरची अशा दोन्ही वीजजोडण्या जागेवर असाव्यात, संगणक बंद पण पॉवर सप्लाय चालू असावा. मग बटन पुस्तिकेत दिले असेल तितके सेकंद दाबायचे. दिवा लुकलुकू लागतो आणि काही मिनिटांनी थांबतो. काही बोर्डांवर तो पाचच सेकंदांत स्थिर झाला तर फाइल वाचलीच गेली नाही असा त्याचा अर्थ असतो. बहुतेक वेळा फाइलचे नाव चुकलेले असते किंवा पेन ड्राइव्ह एफएटी३२ नसतो. माझ्या अनुभवात जुने, लहान क्षमतेचे पेन ड्राइव्ह या कामाला अधिक उपयोगी पडले आहेत. काही बोर्डांवर दोन चिपा असतात, एक बिघडली तर दुसरीवरून काम चालते. ज्यांच्याकडे असा बोर्ड आहे ते भाग्यवान.

यातले काहीच नसेल तर चिपवर बाहेरून मजकूर लिहावा लागतो, आणि हे काम सवयीच्या हातांनीच करावे. सीएच३४१ए नावाचा एक लहान यूएसबी प्रोग्रॅमर आणि चिपच्या आठ पायांना पकडणारी क्लिप एवढ्यावर ते होते. पण चिप ३.३ व्होल्टची आहे की १.८ व्होल्टची, हे तिच्यावरचा क्रमांक भिंगातून वाचून आधी निश्चित करावे लागते, कारण जास्त व्होल्टेजने चिप जळते. शिवाय या प्रोग्रॅमरच्या एका सर्वत्र मिळणाऱ्या काळ्या प्रकारात माहितीच्या पायांवर पाच व्होल्ट जातात, हा दोष प्रसिद्ध आहे. लिहिण्याआधी चिप दोनदा वाचून दोन्ही प्रती एकमेकींशी जुळतात का ते पाहावे आणि त्यातली एक जपून ठेवावी, मजकूर बिघडलेला असला तरीही. नेटवर्क कार्डाचा पत्ता, बोर्डाचा अनुक्रमांक, तयार संगणकांच्या बाबतीत विंडोजच्या परवान्याची किल्ली, या गोष्टी बऱ्याचदा त्याच चिपमध्ये असतात आणि कंपनीच्या फाइलमध्ये नसतात. काही कंपन्यांच्या फाइलच्या सुरुवातीला कॅप्सूल नावाच्या वेष्टनाचा जादा भाग असतो, तो न काढता फाइल जशीच्या तशी लिहिली तर सगळे सरकते आणि बोर्ड पुन्हा मुका राहतो. चांगला कारागीर हे सगळे जाणतो. आपण त्याला एवढेच विचारावे: जुन्या मजकुराची प्रत घेतली का?

हे वाचून कोणी म्हणेल की मग फर्मवेअरला हातच लावू नये. तसेही म्हणता येत नाही. एप्रिल २०२३मध्ये एएमडीचे रायझन ७००० मालिकेतले काही प्रोसेसर जळाल्याच्या घटना पुढे आल्या, तेव्हा एका व्होल्टेजवर १.३ व्होल्टची मर्यादा घालणारे फर्मवेअर बसवणे हाच उपाय होता. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर अस्थिर होत होते, तेव्हा ऑगस्ट २०२४मध्ये आलेला ०एक्स१२९ हा मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती, बायोसमधूनच बसवायचा होता, आणि ज्या प्रोसेसरची हानी आधीच झाली होती ती त्याने भरून निघणार नव्हती. म्हणजे उशीर करणे महागात पडले असते. याउलट जानेवारी २०१८मध्ये स्पेक्टर या सुरक्षादोषावरचा मायक्रोकोड आला तेव्हा संगणक अचानक पुन्हा सुरू होऊ लागले आणि २२ जानेवारीला खुद्द इंटेलनेच ती आवृत्ती बसवणे थांबवा असे सांगितले. दोन्ही बाजूंची उदाहरणे खरी आहेत. माझ्यापुरता मी असा नियम केला आहे की सुरक्षेचे, हानी टाळण्याचे किंवा नव्या प्रोसेसरचे कारण स्पष्ट लिहिलेले असेल तरच आवृत्ती बसवायची, आणि तीही आठवडाभर थांबून. काही जुन्या बोर्डांवर १६ मेगाबाइटच्या चिपमध्ये जागा पुरेना म्हणून नव्या आवृत्तीतून जुन्या प्रोसेसरचा आधार काढून टाकण्यात आला होता, म्हणून आपला प्रोसेसर त्या आवृत्तीच्या यादीत आहे की नाही, हेही पाहावे लागते. काही वेळा मागच्या आवृत्तीवर परतण्याची वाटही बंद केलेली असते.

माझी खरी तक्रार त्या स्पष्ट लिहिण्याविषयीच आहे. बहुतेक आवृत्त्यांसोबत ‘प्रणालीची स्थिरता वाढवली’ एवढे मोघम वाक्य असते. ज्या माणसाचे महिनाभराचे काम त्या यंत्रात आहे, त्याने या तीन शब्दांवर निर्णय कसा घ्यायचा? आणि आता तर तयार संगणकांना फर्मवेअर विंडोजच्या नेहमीच्या अद्यतनांबरोबरच येते. वापरणाऱ्याला आपण काय बसवत आहोत हे कळण्याच्या आत संगणक पुन्हा सुरू झालेला असतो. मदरबोर्ड आणि संगणक बनवणाऱ्या कंपन्यांनी प्रत्येक आवृत्तीसोबत काय बदलले, कोणत्या नोंदी मूळ स्थितीवर जातील, पडदा किती वेळ काळा राहू शकेल आणि कूटबद्ध डिस्क असल्यास आधी काय करावे, हे लिहिले पाहिजे, आणि वापरणाऱ्याच्या भाषेत लिहिले पाहिजे. बाहेरून मजकूर भरण्याचे ते बारीक बटन महागड्या बोर्डांपुरते न ठेवता प्रत्येक बोर्डावर दिले पाहिजे. स्वस्त बोर्ड घेणाऱ्यालाच दुसरा बोर्ड घेणे सर्वांत जड जाते.

दुरुस्ती करणाऱ्यांनाही माझी विनंती आहे. ‘डिस्प्ले येत नाही’ म्हणून कॅबिनेट टेबलावर आले की पहिला प्रश्न ‘याआधी काय केले होते?’ हा असावा. फर्मवेअर बदलले होते असे उत्तर आले, तर स्क्रू काढण्याआधी संगणक चालू करून अर्धा तास बाजूला ठेवावा. याला काही खर्च येत नाही.

आपल्या पानावर ‘संगणक अद्ययावत ठेवा’ असा सल्ला पुढच्या वेळी छापताना त्याच्या शेजारी एक लहानशी चौकट द्यावी, अशी आपणांस विनंती करतो. त्या चौकटीत बिटलॉकरची किल्ली आधी कागदावर उतरवण्याविषयी, बायोसच्या पानांचे फोटो काढण्याविषयी आणि काळ्या पडद्यासमोर वीस मिनिटे थांबण्याविषयी तीन ओळी असल्या तरी पुरे. मजकूर हवा असल्यास मी अक्षरजुळणीसह तयार करून पाठवीन.

कळावे,
आपला विश्वासू,
अक्षरजुळणी करणारा एक वाचक